अँड्रॉइड दहाच्या खालच्या बायका

पेण, १४ जुलै २०२५

चि. नम्रता,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढे त्यांना जागा उरणार नाही.

काल सकाळी वाघखारची जनी चिंबोऱ्या घेऊन ओट्यावर आली. टोपली खाली ठेवायच्या आधी तिने कमरेचा फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "बाई, ह्यो तुमच्या भाचीनं केलाय ना? मंग माज्याशी असा का वागतो?" मी चष्मा लावून वाचलं. 'हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही.' बस, एवढंच. का नाही, कधी चालेल, दुसरं काय करावं, काही नाही. मग मी माझ्या फोनवर करून पाहिलं. तेच वाक्य. फाटकावरचा रखवालदारसुद्धा माणसाला हाकलताना काहीतरी कारण सांगतो.

तू रोह्याच्या ऑफिसात बसून हे ॲप केलंस ते कशासाठी, ते तुला माहीत असेल असं मी धरून चालले होते. तरी सांगते. वाघखारची भातशेती खाडीच्या पातळीच्या खाली आहे. मधे फक्त मातीचा बांध. उधाणाला बांध फुटला, म्हणजे खांड गेली, की खारं पाणी भातात शिरतं आणि ती जमीन दोन-तीन वर्षं कामातून जाते. म्हणून तिथे जोळ असते. गावातल्या सगळ्या घरांनी मिळून बांध राखायचा, आणि खांड गेल्याची हाक आली की हातातलं काम टाकून प्रत्येक घराने धावायचं. पिढ्यानपिढ्या ही हाक तोंडाने घातली जाते. आता ती तुझ्या ॲपने घालायची म्हणे. छान. पण बांधाला सगळ्यांत जवळचं घर जनीचं. तिलाच ऐकू येणार नसेल तर ही हाक तुम्ही कोणासाठी घालताय?

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. वडखळच्या एका दुकानात हँडल फिरवायचा काळा फोन होता, त्यातून बोलणारा माणूस विहिरीत पडल्यासारखा ऐकू यायचा. त्याला आम्ही कधी विचारलं नाही की तुझं यंत्र कितव्या सालचं. जोडून द्यायचो.

हे पत्र जनीचा मुलगा विशाल आणून देईल. तो धाटावला कंपनीत आहे, रोज रोह्यावरूनच जातो. उत्तर त्याच्याकडेच दे. मेसेज पाठवू नकोस. मेसेजमध्ये तुम्ही मुलं अर्ध्या वाक्यातून पळून जाता.

तुझी,
कुमुदआत्या


रोहा, १७ जुलै २०२५

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. ऑफिसात मोठ्याने वाचलं आणि मितेशसर, म्हणजे आमचे मालक, 'फाटकावरचा रखवालदार' ऐकून हसले. तुझा राग कळला, पण आमची बाजूही ऐक.

कुठलंही ॲप बाजारात आणताना एक रेघ ओढावी लागते: अँड्रॉइडच्या कितव्या आवृत्तीपासून पुढचे फोन चालतील. आम्ही दहावर ओढली. त्याखालच्या फोनना कंपन्यांनी सुरक्षेची दुरुस्ती देणं कधीच बंद केलंय. फोन मुका करून ठेवला असला तरी आमची हाक मोठ्याने वाजली पाहिजे, आणि ते प्रत्येक आवृत्तीत वेगळ्या तऱ्हेने करावं लागतं. प्रत्येक आवृत्तीचा खरा फोन हातात घेऊन तपासावं लागतं. आम्ही तिघं आहोत, आत्या. कुठेतरी थांबावंच लागतं.

आणि आम्ही हवेत ठरवलेलं नाही. फेब्रुवारीत वाघखारच्या देवळात जोळची सभा झाली, तेव्हा मी स्वतः सगळ्यांना फोन टेबलावर ठेवायला सांगितले. अडतीस घरं, अडतीस फोन. दोन सोडून सगळे दहाच्या वरचे, आणि त्या दोघांनी पुढच्याच महिन्यात नवे घेतले. म्हणजे एकही घर सुटलेलं नाही. जनीकाकूंच्या घराचा फोन विशालचा. त्याच्यावर ॲप व्यवस्थित चालतं, मी पाहिलंय.

तुझा फोन मात्र खरंच बदलायला झालाय. दिवाळीला मी घेऊन देईन.

नम्रता


पेण, २१ जुलै २०२५

चि. नम्रता,

मला फोन नको. मला उत्तर हवं होतं. तू मला हिशेब पाठवलास.

'जनीच्या घराचा फोन विशालचा' हे वाक्य मी तीनदा वाचलं. विशालचा फोन विशालचा असतो. तो विशालच्या खिशात असतो, आणि विशाल सकाळी सातला धाटावच्या बसमध्ये असतो. त्या घरातला दुसरा फोन कुठून आला, कधी विचारलंस? विशालने नवा घेतला तेव्हा त्याचा जुना बापाला गेला. बाप गेल्यावर तो जनीला मिळाला, तोपर्यंत त्याची काच तडकलेली आणि बॅटरी फुगलेली. वाघखारात प्रत्येक घरात असंच आहे. पेणमध्येही असंच आहे. नवा मुलाला, मुलाचा बापाला, आणि बापाने टाकला की आईला. साडी कपाटात नवी येते, फोन मात्र बाईला कधी नवा येत नाही. म्हणजे तू रेघ ओढलीस ती फोनांमधून नाही, घरांमधून ओढलीस, आणि सगळ्या आया रेघेच्या एकाच बाजूला पडल्या.

आता दोन प्रश्न विचारते, त्यांची उत्तरं दे, आकडे नकोत. देवळातल्या सभेला बायका किती होत्या? आणि दुपारी बारा-एकला, जेव्हा उधाणाचं पाणी बांधाला टेकतं, तेव्हा वाघखारात कोण असतं?

जनीला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शिकलेली पोर हाय, तिला काय सांगू नका. पन बाई, एकदा दुपारची ये म्हनावं. बांधावर बाप्या दिसला तर चिंबोऱ्या फुकट देईन."

कुमुदआत्या


रोहा, २६ जुलै २०२५

प्रिय आत्या,

घाईत लिहितेय. सभेला बायका नव्हत्या, त्या मागे चहा करत होत्या. दुसऱ्या प्रश्नाबद्दल तू म्हणतेस त्यात तथ्य आहे. मितेशसरांशी बोलले. ते म्हणाले, दिवाळीनंतरच्या आवृत्तीत बघू. सध्या मुंबईच्या ज्या संस्थेने पैसे दिलेत त्यांची माणसं ॲप पाहायला येणार आहेत आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. खाडीचा हलता नकाशा त्यांना फार आवडलाय.

पावसात बाहेर फिरू नकोस.

नम्रता


रोहा, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

विशाल आज आला नाही म्हणून हे पोस्टाने पाठवतेय, कारण मला राहवत नाहीये. काल दुपारी ॲपने पहिली खरी हाक दिली! उघाडीच्या दरवाजाजवळ खांड गेली, तिथल्या नाथाने बटण दाबलं, आणि चार सेकंदांत अडतीसच्या अडतीस फोनवर पोचली. एकही चुकला नाही. आमच्या पडद्यावर अडतीस हिरवे ठिपके एकामागून एक लागत गेले. मितेशसरांनी पेढे आणले. मुंबईला कळवलंसुद्धा.

आता तरी म्हण, भाची कामाची आहे.

तुझी लाडकी,
नम्रता


पेण, १४ ऑगस्ट २०२५

नम्रता,

तुझं पत्र आज आलं. पेढ्यांपर्यंत वाचलं आणि ताटावरून उठले.

विशाल तुझ्याकडे आला नाही कारण तो घमेलं घेऊन चिखलात उभा होता. अजून आहे. काल मी रिक्षा करून वाघखारला गेले. जे पाहिलं आणि ऐकलं ते लिहिते. नीट बसून वाच.

सोमवारी दुपारी जनी बांधावर होती. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दरवाजाच्या बाजूला, चिंबोरीच्या एका बिळातून पाणी आत यायला लागलं होतं. मनगटाएवढी धार. एरवी जनी तिथूनच बोंबलली असती आणि घराघरातून बायका पेंढा घेऊन धावल्या असत्या. पण आता गावाचा नियम तुझ्या ॲपचा. हाक नाथाच्या फोनवरून जायची, कारण तो उघाडी सांभाळतो आणि त्याचा फोन रेघेच्या वरचा. ती त्याच्याकडे पळाली. त्याने बटण दाबलं. मग त्याने तिला पडदा दाखवला. हे सगळं मला जनीनेच सांगितलं.

"बघ गो, अडतीस हिरवे झाले. सगल्यांना पोचला."

"मंग येतील?"

"येतील म्हंजे? पोचलाय ना!"

"मी हाक घालू का?"

"आता कशाला बोंबलतेस? मशीन हाय ना."

आणि ती थांबली. नम्रता, ती बाई चाळीस वर्षं त्या बांधावर आहे, आणि तुझ्या हिरव्या ठिपक्यांवर विश्वास ठेवून ती थांबली. दोघंही रस्त्याकडे बघत उभी राहिली. कोणी येईना. नाथा पुन्हा पुन्हा पडदा बघत होता, ठिपके हिरवेच होते. धार मांडीएवढी झाली. तेव्हा जनीने त्याला एक शिवी दिली, जी मी लिहीत नाही, आणि ती ओरडत गावाकडे सुटली. बायका आल्या. पदर खोचून आल्या, म्हाताऱ्या आल्या, बाळंतीण सोडून सगळ्या आल्या. पण तोपर्यंत बांध बैलगाडी जाईल एवढा उघडा झाला होता. पेंढा टाकला की वाहून जायचा. शेवटी त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

आता नाथाचा सोडून तुझे सदतीस फोन कुठे होते ते ऐक. काही वडखळच्या पुढे रस्त्याच्या कामावर, काही रिक्षात, एक पनवेलला. आणि निम्म्याहून जास्त धाटावच्या कंपनीच्या फाटकावर. आत ज्वालाग्राही माल असतो म्हणून फोन नेऊ देत नाहीत. फाटकावर खणांचं लाकडी कपाट आहे, शिफ्टला जाताना प्रत्येकाने आपला फोन खणात ठेवायचा. हे तुझ्या रोह्यात पोराटोरांना ठाऊक आहे, आणि तुला नव्हतं. सोमवारी दुपारी ते कपाट एकदम किंचाळायला लागलं. भरत नावाचा रखवालदार आहे, त्याला वाटलं कुठल्यातरी फोनकंपनीची जाहिरात. त्याने आपला रेनकोट कपाटावर टाकला आणि दार लावून घेतलं. तुझी हाक तिथे पोचली. चार सेकंदांत. शिफ्ट सुटल्यावर विशालने फोन घेतला तेव्हा त्याच्या आईच्या शेतात कंबरभर खारं पाणी होतं.

महिन्यापूर्वी लावलेली रोपं काल मी पाहिली. उकडल्यासारखी पिवळी पडली आहेत. नऊ घरांची शेतं गेली, त्यात पहिलं जनीचं. ती मला म्हणाली, "माजीच चूक, बाई. मी बोंबलले नाय." मला इतकी किळस आली, नम्रता. तिची नाही.

हिरवे ठिपके पाहून पेढे खाणाऱ्या पोरीला मी लहानपणी कडेवर घेतलं होतं, हे आज कोणाला सांगू नये असं वाटतं.

कुमुद


रोहा, १८ ऑगस्ट २०२५

आत्या,

तीन दिवस पत्र लिहून फाडतेय. 'लाडकी' लिहिलं होतं ते आठवलं की लाज वाटते.

खरं सांगते. सुरक्षा, तपासणी ही कारणं खोटी नाहीत, पण रेघ त्यांच्यामुळे दहावर गेली नाही. नाहीतर सहापर्यंत खाली आणता आली असती. ती नकाशामुळे गेली. खाडीचा हलता निळा नकाशा जुन्या फोनवर अडखळत होता. मितेशसर म्हणाले, पाहुण्यांसमोर अडखळला तर शोभणार नाही. मी हो म्हटलं. मलाही तो नकाशा आवडत होता. बांधावरच्या माणसाला नकाशा लागतच नाही, त्याला बांध माहीत असतो. हे माझ्या डोक्यात आलं होतं, आणि मी ते बाजूला ठेवलं.

आता केलंय ते लिहिते. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडून तडकलेल्या काचांचे चार जुने फोन आणले. नकाशा काढून टाकला. उरलंय ते एवढंच: मोठा आवाज, आणि कुठल्या जागी खांड गेली ते ठसठशीत अक्षरात. सहाच्या पुढच्या सगळ्या फोनवर चालतं. मितेशसर चिडलेत. नव्या आवृत्तीवर सही करायला तयार नव्हते. मी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. त्यांनी तो खणात टाकला आणि सही केली. तो अजून तिथेच आहे.

पण एक अडचण माझ्या हातात नाही. ॲपमध्ये घरामागे एकच नंबर आहे, कारण जोळमध्ये घरामागे एकच नाव असतं, घरधन्याचं. जनीकाकूंचा फोन आता हाक ऐकू शकतो. पण हाक त्यांनाही घालायची असं जोळने म्हटलं पाहिजे. कमळाकरकाका जोळचे प्रमुख आहेत. त्यांना फोन केला. म्हणाले, "पोरी, तू फोनातलं बघ. गावातलं आम्ही बघतो."

नम्रता


पेण, २७ ऑगस्ट २०२५

नम्रता,

आज गणपती बसले. वडखळपर्यंत गाड्यांची रांग आहे, विशाल कधी पोचेल देव जाणे. तरी लिहिते, कारण तुझ्या मागच्या पत्रात पहिल्यांदा एक सरळ वाक्य होतं. मितेशचा खण मात्र बघत राहा.

अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली नसती तर उरलेली शेतंही गेली असती. पुरुषांना सुटी रविवारची. बाकीचे सगळे दिवस माती कोणी वाहिली असेल, तुला सांगायला नको. गुरुवारी कमळाकर पांढरा सदरा घालून देखरेखीला आला. मी बांधावरच खुर्ची टाकून बसले होते. जनीने भरलेलं घमेलं डोक्यावरून उतरवलं आणि त्याच्या पायाशी ठेवलं.

"आमचे नंबर लाव त्या मशिनीत."

"अगो, घरामागं एक नाव. आज्यापासून चालत आलाय."

"आज्या घरी असायचा. तुमी नसता."

"मिटिंग लावू. गनपती झाले की."

"लाव. ही खांड बी मिटिंगमदीच बुजव." आणि ती खाली बसली. तिच्या मागच्या एकेकीने घमेलं खाली ठेवलं. कोणी घोषणा नाही, आरडाओरड नाही. एकीने डबा उघडून पान लावायला घेतलं. नाथा पाण्याकडे बघत होता, कमळाकर नाथाकडे. मला फार दिवसांनी हसू आलं, पण मी ते दाबलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, दुसऱ्याची फजिती होत असताना दात दाखवू नयेत.

पान लावून व्हायच्या आत कमळाकरने फोन काढला. "सांगा एकेकीनं. हळू सांगा."

परवा सोमवारचं उधाण बांधाने धरलं. एका जागी पाझरायला लागलं, नाथाने बटण दाबलं आणि बायका आल्या. जनीचा फोन पोलक्यात वाजला तेव्हा ती दचकून खाजणाच्या चिखलात पडता पडता राहिली. धरलं म्हणजे पुढची शेतं वाचली. जनीचं शेत वाचलं नाही, ते आधीच गेलंय. हे विसरून पेढे आणू नकोस.

कुमुदआत्या


रोहा, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

पेढे नाहीत. एक बदल केलाय, तो सांगते. 'पोचलं' असं आता ॲप म्हणतच नाही. माणूस बांधावर येऊन स्वतः 'आले' असं दाबत नाही तोवर ठिपका राखाडीच राहतो. नाथाला मी सांगितलंय, राखाडी दिसले की बोंबल.

मुंबईला पाठवायच्या अहवालात मी अकरा ऑगस्टची हकीकत लिहिली होती, रेनकोटासकट. मितेशसरांनी ती काढली आणि नऊ घरांच्या जागी 'काही प्रमाणात नुकसान' असं घातलं. मी ती पुन्हा घालून थेट पाठवली. दुसऱ्या दिवशी सरांनी खणातला कागद बाहेर काढला. या महिन्याअखेर माझा शेवटचा दिवस. रोह्यात दुसरं काम बघतेय. वाघखारच्या ॲपची देखभाल घरून करीन, तसं जोळला लिहून दिलंय.

दोन तारखेला पेणच्या सभागृहात ॲपचा सत्कार आहे. जनीकाकूंनाही बोलावलंय. मी येणार नाही, मला बोलावलेलं नाही. तू जाशील का? त्यांच्याजवळ कोणीतरी असावं.

नम्रता


पेण, ४ ऑक्टोबर २०२५

चि. नम्रता,

तुझं काम गेलं याचं वाईट वाटलं, आणि ते ज्यामुळे गेलं त्याचं मुळीच वाटलं नाही. घरी येऊन राहा चार दिवस.

सत्काराला गेले. मंचावर मितेश, कमळाकर आणि मुंबईचे दोन पाहुणे. मागे पडद्यावर तुमचा तो निळा नकाशा. होय, काढून टाकलेला. सत्कारापुरता पुन्हा आणला होता. मितेश वीस मिनिटं बोलला. 'शेवटच्या माणसापर्यंत' हे शब्द त्याने इतक्यांदा वापरले की मी मोजणं सोडून दिलं. तुझं नाव नाही. रेनकोट नाही. कमळाकरला शाल मिळाली, आणि त्याने ती अशी पांघरली की जणू खांड त्यानेच अंगाने अडवली.

मग निवेदिका म्हणाली, आता आपल्या लाभार्थी भगिनी दोन शब्द बोलतील. जनीला वर नेलं. नारळ दिला. मी पहिल्या रांगेत होते. तिचे हात अजून चिखलाने भेगाळलेले, नारळ कसा धरावा तिला कळेना. माईक तोंडाशी आणला. ती पडद्यावरच्या निळ्या खाडीकडे बघत राहिली.

पाहुण्यांपैकी एक प्रेमाने म्हणाले, "बोला मावशी. कसं वाटतंय?"

"बरा वाटताय. पन इथं लई गर्दी झाली. खुर्च्या कमी पडल्या, मानसं मागं उभी हायत." ती कमळाकरकडे वळली. "पुढच्या टायमाला सत्कार माज्या शेतात ठेवा. मोकळा हाय. दोन वर्सं तिथं काय उगवनार नाय."

टाळ्या वाजल्या. त्यांना वाटलं तिने आमंत्रण दिलं.

कुमुदआत्या